उजवीकडून चावा

मालीमच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यात
मी पावत्या फाडतो. तेवीस वर्षं.
ट्रॉलरचं नाव, लाद्या किती, तांडेलची सही.
थंडीशी माझा संबंध धंद्यापुरता,
ती कधी घरी आली नव्हती.

आता ती तोंडातच राहायला आली आहे,
खाली डावीकडे, शेवटून दुसऱ्या दाढेत,
जिथला खड्डा मंगळवारी म्हापशाला
डॉक्टर ज्युलियेतांनी बुजवून दिला,
दाताच्याच रंगाने, शेजारच्यालाही कळू नये असा.
(रस्त्यांचं मी बोलत नाही.
रस्ते दुखत नाहीत.)

"दोनतीन आठवडे सणकेल," त्या म्हणाल्या.
"आतली नस घाबरलेली असते. वेळ द्या तिला.
तोवर उजवीकडून चावा."
नसेला वेळ द्यायचा, हे मला नवीन.
माणसांनाही मी फारसा दिलेला नाही.

सोलकढी कोमट करून मागितली
तर प्रफुल्ला म्हणाली, फुटेल ती.
मग उकड्या तांदळाची पेज,
वाफ गेलेली, पण निवलेली नाही,
त्या दोहोंमधला एवढासा काळ,
तो चुकला की पुन्हा चूल.
दातांची नवी पेस्ट बोटाने दाढेवर चोळायची
आणि चूळ न भरता झोपायचं,
उशीला पुदिन्याचा वास.

पणजीच्या फेरीबोटीत मांडवीचा वारा
सरळ दाढेत शिरतो. मी ओठ मिटून उभा.
तेवढ्यात नेमके भावोजी भेटले, रायबंदरचे.
काय काय विचारत होते,
मी नुसता हं, हं.
त्यांना वाटलं जागेचं अजून मनात आहे.
आहेच.
पण त्या दिवशी ते नव्हतं.

आणि सांतान.
टोच्याने लादी फोडता फोडता
एक खडा उचलून गालात टाकतो,
कडाकडा चावतो. वर्षानुवर्षं.
परवा तो चावला आणि माझ्या हातातलं पेन
पावतीवरून घसरलं.
"कितें जालें?"
मी गालाकडे बोट दाखवलं.
त्यावर तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवसापासून
बर्फ चघळायला यंत्रामागे जातो.

थंडीचं एक वेळ समजलो,
पण पावाच्या कडेवरसुद्धा कळ यायला लागली,
उजवीकडून चावलं तरी, दात मिटले की.
नवव्या दिवशी पुन्हा म्हापसा.
डॉक्टरांनी दातांमध्ये निळा कागद धरला.
"चावा. आता घासा, इकडे तिकडे."
मला हसू आलं, तोंड उघडं असताना जेवढं येतं तेवढं.
हा तर माझा कागद!
वर जोर दिला की खाली उमटतं,
माझा सगळा जन्म त्याच विश्वासावर.
आरशात दाखवलं त्यांनी: दाढेवर ठिपके फिकट,
आणि एक गडद.
"इथं उंच राहिलंय. केसाएवढं."
घर्र झालं, दोन वेळा.
इतकंच?
इतकंच.

केसाएवढ्या उंचीवर
मी आठ दिवस सगळं वजन टाकत होतो.
परत येताना बसमध्ये पुन्हा पुन्हा दात मिटून पाहिले,
कुलूप लागलं का बघावं तसे.

आज बाविसावा दिवस.
विसरून डावीकडून पाणी प्यायलो, माठातलं,
आणि ग्लास हातात धरून वाट बघत थांबलो.
आली. पण कशी,
ट्रॉलर आग्वादपलीकडे गेल्यावर
इंजिन ऐकू येतं ना,
आहे की नाही असं वाटणारं, तशी.
पावतीच्या दुसऱ्या प्रतीसारखी पुसट.
ती मी ठेवून घेतली.

बाहेर लाद्या उतरत होत्या.
यंत्रामागून आवाज आला, कडाकडा, दबलेला,
ओठ मिटून चावल्यासारखा.
सांतानला सांगायचं राहिलंय,
आता इथं बसून खाल्लास तरी चालेल.